नलूताई, तुझा लॅपटॉप गप्प झाला तेव्हा

तुम्ही कॉम्प्युटरसमोर बसला आहात. आतला पंखा फिरतोय हे ऐकू येतंय, पण पडदा ठार काळा आहे. मशीन तुम्हाला काही विचारतंय, की आपलं काम करतंय, की बंद पडलंय, हे सांगायला घरात कोणी नाही. एक बटण चुकलं तर आतलं सगळं पुसलं जाईल, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. वाचकहो, अशा वेळी तुम्ही कोणतं बटण दाबाल?

नलूताई, तू आत्ता हसली असतीस. आली पत्रकवाली, आल्या आल्या लोकांना जाब विचारायला लागली, असं म्हणाली असतीस. पण हा प्रश्न माझा नाही, तुझा आहे. कोपर स्टेशनजवळच्या तुझ्या खोलीत तू मला तो विचारला होतास आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तू गेल्यावर दिवा गावात तुझ्या वर्गातल्या वैशालीच्या घरी तोच प्रश्न माझ्यासमोर येऊन बसला, तेव्हाही उत्तर नव्हतं. मी घाबरले, ताई. अजून घाबरलेलीच आहे. तू होतीस तोवर हे तुला सांगायला जमलं नाही.

तुला न ओळखणाऱ्यांना एवढंच सांगते की तुला दिसत नव्हतं, आणि कोपर पश्चिमेच्या आपल्या एका खोलीत तू दर रविवारी दृष्टी नसलेल्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवायचीस. पडद्यावर जे उमटतं ते कॉम्प्युटर बोलून दाखवतो आणि ते ऐकत माणूस पत्र लिहितो, बँकेचं काम करतो, नोकरी करतो, हे मला तुझ्या खोलीत पहिल्यांदा कळलं. बाकी तुझं शिक्षण, तुझे सत्कार, तुझ्या तारखा तुझा भाऊ लिहील. मला त्यातलं फारसं माहीतही नाही.

मी ठाण्याच्या बाळकुमला पत्रकांच्या गठ्ठ्यांवर वाढले. बाबा कारखान्याच्या युनियनमध्ये. कारखाना गेला, त्या जागी टॉवर आले, पण आमच्या घरातली पत्रकं काही थांबली नाहीत. पाण्यावर, रेशनवर, शाळेच्या फीवर. शाळेत 'माझा आवडता ऋतू' लिहायला सांगितलं तरी मी शेवटी मागण्या लिहायचे. तुझी माझी गाठ पडली तीही पत्रकावरूनच. डोंबिवलीच्या एका सभेत मी दारात उभी राहून पाण्याचं पत्रक वाटत होते. तू घेतलंस, त्यावरून बोट फिरवलंस आणि परत माझ्या हातात दिलंस.

"हा कोरा कागद मला कशाला देतेस?"

मला इतकी लाज वाटली की घरी येऊन तुला पत्रकाची फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी तुझा फोन. पत्रक आम्ही जुन्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. आम्हाला ते मराठी दिसायचं. तुझ्या कॉम्प्युटरला मात्र ती नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस वाटत होते, आणि तो ते इमानदारीने वाचत होता. 'सर्वांना पाणी' या जागी तो काय म्हणाला ते तू मला त्याच्याच सपाट पत्र्याच्या आवाजात म्हणून दाखवलंस. मग म्हणालीस, सर्वांना म्हणजे नेमकं कोणाकोणाला, तेवढं एकदा ठरवा आणि मला कळवा. त्या रविवारी मी तुझ्या वर्गात आले आणि मग येतच राहिले.

तुझ्या वर्गात डोळस माणसांसाठी एक नियम होता. मदतीला आलात की हात पाठीमागे बांधायचे. कीबोर्डला हात लावायचा नाही, माउसला तर मुळीच नाही. पडद्यावर जे आहे ते फक्त वाचून दाखवायचं. पहिले काही रविवार मी शिक्षा झालेल्या पोरीसारखी उभी होते. कोणाचं अडलं की माझे हात शिवशिवायचे. तुला ते ऐकू यायचं की काय कोण जाणे, तू लांबूनच म्हणायचीस, हात कुठायत? आणि माझ्या वाचनाला तू कायम नापास करायचीस. मी म्हणायचे, इथे भाषा, आवाज वगैरे आहे. तू लगेच थांबवायचीस. 'वगैरे' असं लिहिलंय का तिथे? नाही ना? मग जे लिहिलंय ते वाच. डोळस माणसं वाचत नाहीत गं, निवडतात, असं तू म्हणायचीस. मला वाटायचं, ही बाई फार ताणते.

आपलं खरं भांडण लागलं ते कॉम्प्युटरची मूळ सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने जुन्या सिस्टीमला अपडेट देणं थांबवलं तेव्हा. वर्गातली सगळी मशीन त्याच जुन्या सिस्टीमवर होती. मला तर आयतं पत्रकच मिळालं. धडधाकट मशीन एका कंपनीच्या मर्जीने भंगारात जाणार, आणि आपण माना डोलावणार. मी तुझ्यासमोर अख्खं भाषण केलं. म्हटलं, आपण मुक्त सिस्टीम टाकू, जिचा कोड कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, जी कोणाच्या बापाची नाही. तू सगळं ऐकून घेतलंस. चहाचा कप उचललास आणि विचारलंस की या मुक्त सिस्टीमला आपल्या मशीनचे स्पीकर ओळखता येतील का. मी म्हटलं, बहुतेक येतील.

"बहुतेक," तू म्हणालीस. "तुझ्या पत्रकात हा शब्द कधी दिसत नाही गं."

ज्यांनी कधी कॉम्प्युटर उघडून बघितला नाही त्यांना सांगायला हवं की नवी सिस्टीम नव्या भाडेकरूसारखी येते. घरातलं तिला काही माहीत नसतं. या मशीनचा स्पीकर कोणता, त्याच्याशी कसं बोलायचं, वायफाय कुठून घ्यायचं, हे तिला सांगणारे छोटे छोटे प्रोग्रॅम असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. बरेचसे सिस्टीमबरोबरच येतात. एखादा येत नाही, तो शोधून आणावा लागतो. डोळस माणसाला आवाजाचा ड्रायव्हर नसला तर गाणी ऐकू येत नाहीत, एवढंच. तो पडद्यावर बघून ड्रायव्हर शोधतो. तुझ्यासाठी आवाज हाच पडदा होता. आवाजाचा ड्रायव्हर शोधायचा तर आधी आवाज हवा.

आणि मग एका रविवारी, सगळे गेल्यावर, तू मला ते गणपतीचं सांगितलंस. तुझा कॉम्प्युटर बघणारा टेक्निशियन चांगला माणूस होता. गणपतीला कोकणात जाण्याआधी, ताईंना खूश करू म्हणून तुला न विचारता त्याने नवी सिस्टीम टाकून दिली. पडद्यावर चित्र आलेलं बघितलं, त्याच्या दृष्टीने काम झालं, आणि तो गाडी पकडायला पळाला. तू घरी येऊन मशीन सुरू केलंस. काही नाही. पुन्हा केलंस. पंखा फिरतोय आणि पुढे काही नाही. तू तळहात ठेवून मशीन गरम होतंय का ते बघत होतीस. ते काही विचारतंय का, आपण हो म्हणायचंय का, तुला कळायला मार्ग नव्हता. शेजारी विचारावं तर सगळा मजला गावाला गेलेला. तू सांगत होतीस की एका क्षणी वाटलं, मशीन ठीकच असेल, मीच बहिरी झाले. म्हणून तू कानाशी चुटकी वाजवून बघितलीस.

"मी आंधळी आहे हे मला त्या गणपतीत पहिल्यांदा कळलं, समता."

तू हे हसत सांगितलंस. माझं काय झालं ते मला आज नीट कळतं. मी घाबरले आणि ते तुला कळू नये म्हणून मी पुन्हा भाषण सुरू केलं. म्हणूनच तर म्हणते ताई, आवाजाची किल्ली कंपनीच्या खिशात ठेवायची नाही, वगैरे वगैरे. तू थांबवलंस. म्हणालीस, कंपनीला शिव्या मी पण घालीन, आवडीने घालीन. पण मशीन पुसायचं त्या दिवशी तू शेजारी बसणार का ते आधी सांग. मी म्हटलं, बसेन. मग पुढच्या रविवारी बघू, तू म्हणालीस. त्या पुढच्या रविवारी तू म्हणालीस, अजून एक आठवडा जाऊ दे. मला वाटायचं तू हट्टी आहेस. तू घाबरली होतीस, ताई. मी पण घाबरले होते. दोघी एकमेकींपासून ते लपवत तत्त्वावर भांडत बसलो, आणि मग रविवारच उरले नाहीत.

तुझे दिवस झाल्यावर तुझ्या भावाने तुझा लॅपटॉप वैशालीला दिला. तुझी तशी इच्छा होती म्हणे. वैशाली म्हणजे तुझ्या वर्गातली सगळ्यात तिखट मुलगी. दिव्याला, टॉवरच्या मागे जी जुनी घरं उरली आहेत त्यातल्या एका घरात राहते. आजोबा मिठागरात होते, वडील रिक्षा चालवतात. तू गेलीस त्याच सुमारास तिला ठाण्याच्या एका ऑफिसात काम मिळालं. घरी बसून लोकांचे फोन घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर तक्रारी नोंदवायच्या. तिची पहिली नोकरी. ऑफिसची अट एकच. सोमवारपर्यंत लॅपटॉपवर त्या सिस्टीमवाल्या कंपनीचीच नवी सिस्टीम पाहिजे, जुन्या सिस्टीमवर त्यांचं सॉफ्टवेअर उघडणारच नाही. सोमवारी हजर नसलीस तर दुसऱ्या मुलीला घेऊ, असं तिथल्या मॅडमनी गोड आवाजात सांगितलं होतं.

तिने शुक्रवारी मला फोन केला. मी म्हटलं, अगं, मी या सगळ्याच्या विरोधात लिहिलंय.

"मग तुझं लिहिलेलं घरी ठेव आणि तू ये," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी गेले. तुझा लॅपटॉप सुरू केला आणि तो बोलायला लागला. तुझ्या वेगात. त्या वेगात आमच्यापैकी कोणालाच एक शब्द कळायचा नाही, टिनच्या पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं वाटायचं, आणि तू त्यातून व्याकरणाची चूक पकडायचीस. वैशालीची आई आतून धावत बाहेर आली. तिला वाटलं, मशीन बिघडलं. वैशालीने थोडा वेळ ते तसंच चालू ठेवलं. मला सारखं वाटत होतं की आता तू मधेच थांबवशील आणि म्हणशील, हात कुठायत.

तुझ्या सगळ्या फाइली आम्ही बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. वैशाली बसली, मी तिच्या शेजारी. नियमाप्रमाणे माझे हात पाठीमागे. सिस्टीम पुसायची परवानगी देणारं बटण तिने दाबलं त्या क्षणी तुझा आवाज वाक्याच्या मधेच तुटला. तुझा म्हणजे त्या मशीनचा. मी तिला सांगितलं, आता टक्के वाढतायत. ती म्हणाली, सांगत राहा. मी सांगत राहिले. थांबले की ती लगेच विचारायची, काय झालं?

नवी सिस्टीम आली. पडद्यावर निळं, सुंदर चित्र. आवाज नाही.

त्या गणपतीनंतर तू यूएसबीचा एक हेडफोन घेतला होतास, कुठल्याही मशीनला जोडला की ड्रायव्हर न शोधता चालायचा. तो तुझ्याबरोबर हॉस्पिटलात गेला आणि परत आला नाही. तसा दुसरा हाताशी नव्हता, त्यामुळे ड्रायव्हर शोधण्याला पर्याय नव्हता. वायफायसुद्धा चालेना. म्हणून माझा फोन वायरने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर गेलो तर तुझ्या मॉडेलच्या पानावर नव्या सिस्टीमचं नावच नव्हतं. बाहेर शोधलं तर साइटच साइट. प्रत्येकीवर मोठं हिरवं बटण. एका साइटने मशीन न तपासताच सांगितलं की यात शेकडो दोष आहेत, इथे दाबा. मला दिसत होतं म्हणून मी दाबलं नाही. पण नुसतं 'डाउनलोड' ऐकू आलं असतं तर कोणीही दाबलं असतं. हे लोक कोणासाठी जाळं लावून बसलेत ते मला तेव्हा कळलं.

शेवटी लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरूनच जुन्या सिस्टीमचा आवाजाचा ड्रायव्हर घेतला. अनेकदा जुनाही चालतो. टाकला, मशीन बंद करून सुरू केलं. आवाज नाही. काढला, पुन्हा टाकला. नाही. वैशालीची आई दारातून विचारून गेली, बोललं का नाय अजून, गो? दुपारी पाणी आलं. घरातले सगळे बादल्या घेऊन बाहेर पळाले, वैशालीसुद्धा, कारण ते पाणी पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. मी त्या गप्प लॅपटॉपसमोर एकटी उरले.

ताई, तेव्हा मला तुझी चुटकी आठवली. मला पडदा दिसत होता, बाहेर बायकांचा गलका ऐकू येत होता, तरी भीती वाटली. विचार आला की स्पीकरच गेला असेल. मग सोमवारी वैशाली त्या मॅडमना काय सांगणार? आणि त्याहून वाईट विचार असा की आत्ता या घरात काय चाललंय ते फक्त मला माहीत आहे. मी तिला काहीही सांगू शकते. झालं नाही तरी झालं म्हणू शकते. नको ते बटण तिच्या हाताने दाबायला लावू शकते. एवढी सत्ता माझ्याकडे कधीच नव्हती आणि ती मला नको होती. मी सत्तेविरुद्ध पत्रकं लिहिते. ती अशी, मदतीला आलेल्या माणसाच्या डोळ्यांत येऊन बसते, हे माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

वैशाली ओल्या हातांनी परत आली. मी तिला सगळं खरं सांगितलं, स्पीकरचंसुद्धा. ती म्हणाली, तू घाबरलीयस. तुझा श्वास ऐकू येतोय. मी म्हटलं, हो.

"तुला दिसतंय ना, म्हणून तू घाबरतेस. तुला वाटतं, सगळं तुझ्यावर आहे. सरक जरा."

माझ्या पिशवीत मुक्त सिस्टीमचा पेनड्राइव्ह होता. ती सिस्टीम मशीनमधलं काही न पुसता नुसत्या पेनड्राइव्हवरून चालते. म्हटलं, निदान स्पीकर जिवंत आहे का ते तरी कळेल. वैशालीने लावला. थोडा वेळ गेला. मी तिला बोलका आवाज सुरू करायची बटणं सांगितली, तिने दाबली, आणि तो लॅपटॉप बोलला. पहिल्याच फटक्यात, काही शोधायला न लावता. तोच पत्र्याचा सपाट आवाज. वैशालीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. तिची आई आली, तिने लॅपटॉपला नमस्कार केला.

मी जिंकले होते, ताई. कित्येक महिन्यांचं आपलं भांडण, आणि 'बहुतेक' या शब्दाचा निकाल माझ्या बाजूने लागला होता. आणि ऐकायला तू नव्हतीस. मला रडू आलं ते त्याचंच.

वैशाली म्हणाली, हीच राहू दे ना. हे बोलतंय. ते पुन्हा गप्प नको. आणि माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. तत्त्वही हेच सांगत होतं आणि भीतीही हेच सांगत होती. पण तिच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर या सिस्टीमवर चालत नाही, हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. एक क्षण, ताई, एकच क्षण मी गप्प राहिले. मग सांगितलं. म्हटलं, ही ठेवलीस तर मशीन बोलेल, पण सोमवारची नोकरी होणार नाही. माझं मत विचारशील तर हीच सिस्टीम चांगली आहे. पण तुझी नोकरी त्या दुसरीवर आहे. पेनड्राइव्हवरचा आवाज पडद्यावरची वेळ सांगत होता.

"माझी नोकरी आहे. मी ठरवणार," ती म्हणाली. आणि पेनड्राइव्ह तिने स्वतःच्या हाताने काढला. बोलतं मशीन गप्प करणारा हात तिचा होता. एवढं धाडस मी कोणत्याही मोर्चात बघितलेलं नाही.

पुन्हा शांतता. पण आता स्पीकर चांगला आहे हे माहीत होतं, म्हणजे चूक आमच्या शोधण्यात होती. वैशाली म्हणाली, मशीनच्या भागांची यादी उघड आणि वाच. मी वाचली. आवाजाच्या नावापुढे अडचणीची पिवळी खूण आहे. पुढे? तिने विचारलं. मी म्हटलं, बाकी काही आवाजाचं नाही. मला वाटलं, तिला एवढं पुरेल. तिने आपला फोन काढला, कॅमेरा पडद्यासमोर धरला आणि फोनला वाचायला लावलं. फोन अडखळत, चुकीच्या उच्चारात, वरपासून खालपर्यंत सगळं वाचत गेला. आवाजाशी काही संबंध नाही म्हणून मी सोडून दिलेल्या दोन ओळीही त्याने वाचल्या. दोन्हींपुढे पिवळी खूण होती. आवाजाची चिप ज्या रस्त्याने मशीनशी बोलते त्या रस्त्याचाच ड्रायव्हर नव्हता. आम्ही सकाळपासून वरचा मजला बांधत होतो आणि खाली जमीन नव्हती. मी निवडलं होतं, ताई. वाचलं नव्हतं.

त्या भागाचा आतला नंबर वैशालीने माझ्याकडून अक्षर-अक्षर वदवून घेतला, आणि मग फोनकडूनही. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का. ती म्हणाली, आहे ना, पण ऐकून घेते. चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर तो ड्रायव्हर मिळाला. आधी तो टाकला, मग त्यावर आवाजाचा. मशीन पुन्हा सुरू होत असताना आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून बसलो होतो, आणि मी टक्के सांगायचंसुद्धा विसरले.

आवाज आला. इंग्रजीत, हळू, एखाद्या अनोळखी बाईचा. वैशालीने तुझी एक मराठी फाइल उघडली तर ती बाई गप्पच, मराठी तिला यायचीच नाही. मराठी आवाज उतरवून घ्यायला आणखी वेळ गेला, पण त्या वेळात भीती नव्हती, नुसता कंटाळा होता. मग वैशालीने आवाजाचा वेग वाढवायला सुरुवात केली. मला वाटलं, तुझ्या वेगापर्यंत नेईल. नेला नाही. तिला जेवढा लागतो तिथे ती थांबली.

सोमवारी दुपारी तिचा मेसेज आला. पहिल्याच फोनवर एका काकांनी तिला अर्धा तास आपल्या सुनेची तक्रार सांगितली, आणि तिने ती ऑफिसच्या नोंदीत कोणत्या सदराखाली घालावी ते तिला कळेना.

आपलं भांडण तसंच राहिलं, ताई. मी अजूनही म्हणते की ज्याच्याशिवाय माणूस स्वतःच्या घरात परका होतो तो ड्रायव्हर कंपनीच्या कुलपात असता कामा नये. ज्या सिस्टीमवर कोणाचा हक्क नाही तिने त्या मशीनला एका मिनिटात बोलतं केलं, आणि हे मी छापणार आहे, सगळ्यांना वाचता येईल अशा फॉन्टमध्ये. आणि तू अजूनही म्हणशील की ते सगळं खरं, पण शेजारी कोण बसणार? तुझ्या या प्रश्नापुढे माझं तत्त्व खोटं पडत नाही, फक्त अपुरं पडतं. हे तुला समोर बसून सांगायचं होतं. तू मला भांडायला शिकवलं नाहीस, ते मला बाबांनी शिकवलं. तू मला घाबरलेल्या माणसाशेजारी बसायला शिकवलंस, आणि ते मी तुझ्याशेजारी कधी केलं नाही.

कोपरच्या खोलीत वर्गाची चार मशीन अजून जुन्या सिस्टीमवर आहेत. तुझ्या भावाने खोली सध्या वर्गालाच ठेवली आहे, आणि आठवडाभर फोन घेऊन रविवारी वैशाली शिकवायला येते. त्या चारही मशीनची सिस्टीम बदलावी लागणार. प्रत्येकाच्या आत काय आहे, कोणता ड्रायव्हर मिळेल, कोणता नाही, मला माहीत नाही. प्रत्येकासमोर कोणीतरी बसलेलं असेल, ज्याला पंख्याचा आवाज येईल आणि पुढे काही येणार नाही. मी एकटी चार ठिकाणी बसू शकत नाही, आणि रात्री झोपताना मला तीच चार मशीन दिसतात.

म्हणून डोंबिवलीत, कल्याणला, ठाण्यात हे वाचणाऱ्या तुम्हाला मागणी नाही, विनंती आहे. एका रविवारी कोपरच्या वर्गात या. कॉम्प्युटर येत नसला तरी चालेल, अक्षरं मोठ्याने वाचता आली की पुरे. आणि तुमच्या बिल्डिंगमध्ये, ऑफिसात कोणाला दिसत नसेल तर आधी त्यांच्याकडे जा, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं मशीन कोणाला पुसू देऊ नका. कुठेही बसलात तरी एवढं करा. त्या मशीनमधून पहिला शब्द येईपर्यंत उठू नका.